गणपतीआधी दारांना रंग नको

यंदा गणपतीला गावचं घर रंगवून घ्यायचं ठरवलं असेल, तर भिंती खुशाल रंगवा. लाकडाला मात्र हात लावू नका. दारं, खिडक्या, ओटीवरचे खांब, माडीचा सज्जा, यातल्या कशालाही आषाढ-श्रावणात रंग, वॉर्निश किंवा तेल लावू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांचं घर आहे त्या सगळ्यांना ही विनंती आहे. गोव्यात चवथीआधी हीच धांदल असते, म्हणून तिकडच्या वाचकांनाही.

धांदल का होते ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबई-पुण्याहून भाऊबंद येणार, वर्षातून एकदाच घर भरणार, शेजाऱ्यांच्या घराला नवा रंग आणि आपलं दार तेवढं उघडंबोडकं, हे कोणाला आवडेल? रंगारी मोठ्या मिनतवारीने मिळालेला असतो. दोन दिवस उघडीप मिळते, तेवढ्यात तो काचपेपर फिरवल्यासारखं करतो आणि ऑइल पेंटचे दोन हात मारून पुढच्या घरी जातो. गणपतीत दार झकास दिसतं. शिमग्याला परत या आणि तेच दार बघा. खालच्या फळीवर फोड आलेले असतात, फोडात नख घातलं की पापुद्रा सुटून येतो आणि पापुद्र्याखालचं लाकूड काळं पडलेलं असतं. मग रंगाऱ्याला शिव्या बसतात, रंगाच्या कंपनीला बसतात, 'हल्लीचा मालच तसा' म्हणून पुढच्या गणपतीला पुन्हा तोच उद्योग होतो. दोष बहुतेक वेळा तारखेचा असतो.

लाकूड कापून शंभर वर्षं झाली तरी ते हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत हवा इतकी दमट असते, की ज्या लाकडावर पावसाचा थेंबही पडलेला नाही त्यातसुद्धा वजनाच्या १७ ते २० टक्के पाणी मुरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत त्याच लाकडात ते ११-१२ टक्क्यांवर येतं. रंग किंवा वॉर्निश लावायला लाकूड १५ टक्क्यांच्या खाली असावं लागतं. २० टक्क्यांच्या वर गेलं आणि तिथेच राहिलं, की कुजवणारी बुरशी कामाला लागते. म्हणजे श्रावणातलं दार कुजण्याच्या सीमेवर उभं असतं, आणि नेमकं तेव्हा आपण त्याला ऑइल पेंटने चहूबाजूंनी बंद करतो. भिजल्या कपड्यांवर रेनकोट चढवण्यातला हा प्रकार. ऑक्टोबरचं ऊन पडलं की आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडू बघते, रंगाचा थर तिला वाट देत नाही, आणि फोड येतात. फोड फुटले की भेगा. पुढच्या पावसात त्या भेगांतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला त्याला वाट नसते. पुष्कळ दारं बिनरंगाची राहिली असती तर जास्त टिकली असती, असं म्हणायची पाळी येते ती यामुळे.

मग गणपतीला दार तसंच ठेवायचं का? नाही. धुवायचं. दार मळकट दिसतं त्यातलं अर्धं तर नुसता मळ असतो. वर्षभराची धूळ, चुलीचा धूर, तेलकट हात, कडीभोवतीचा काळा पट्टा आणि पावसात आलेली बुरशी. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर रिठे कुस्करून घ्या, नायलॉनचा मऊ ब्रश घ्या आणि वरून खाली न धुता खालून वर धुवा. वरून सुरुवात केली तर मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या लाकडावर उतरतात आणि ते डाग नंतर निघता निघत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीला रिठा पुरणार नाही. तिथे लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घाला, पण सोडा सागाला आणि शिसवीला काळपट करतो, म्हणून त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. लगेच सुक्या फडक्याने कोरडं करा. बस, एवढंच. उंबरठ्यावर रांगोळी काढा, दाराला तोरण बांधा, दार चांगलं दिसेल. हळदीचा डाग राहिला तर त्याच्या मागे लागू नका, उन्हात तो आपोआप उडतो.

आणि पावसाळ्यात दार घट्ट बसू लागलं म्हणून सुताराला रंधा मारायला लावू नका. फळ्यांचं अडीच फुटी दार पावसात पाच ते दहा मिलिमीटर फुगतं. जुलैत रंधून मोकळं केलेलं दार जानेवारीत चौकटीपासून बोटभर सुटलेलं दिसेल आणि ते लाकूड परत जोडता येत नाही. तोवर कडेला मेणबत्ती घासा, दार सरकायला लागतं.

खरं काम दिवाळीनंतरचं. पाऊस कोकणातून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मागे फिरतो, पण इंचभर जाडीची फळी त्यानंतर कित्येक आठवडे सुकत असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिल-मे तितकेसे बरे नाहीत, कारण तापलेल्या लाकडावर तेल वरच्या वर आटतं, आत जात नाही. चाकरमान्यांना रजेची अडचण असते हे खरं. पण सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा कार्तिकापासूनच सुरू होतात आणि जत्रेला माणसं येतातच. नाताळची सुट्टीही असते. भिंतींचं काम गणपतीला आणि लाकडाचं जत्रेला, अशी वाटणी घरात एकदा ठरवून टाकली की दरवर्षी वाद घालावा लागत नाही.

पहिला दिवस फक्त बघण्यात घालवा. हातात एक टोच्या किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि जिथे लाकूड संपतं तिथे टोचत जा. लाकडाच्या नळ्या झाडात असताना मुळापासून शेंड्याकडे पाणी नेत होत्या, त्या अजून उघड्याच असतात. फळीच्या अंगातून जेवढं पाणी शिरतं त्याच्या कितीतरी पट तिच्या टोकातून शिरतं. म्हणून लाकूड कुजायला लागतं ते दर्शनी भागात नाही, टोकांशी. दाराची खालची कड, चौकटीचे जमिनीला टेकलेले पाय, खिडकीचा खालचा आडवा दांडा, सज्ज्याच्या फळ्यांची बाहेर आलेली टोकं आणि खांबाचा तळ, ही ती ठिकाणं. टोच्या लाकडात टक्कन अडला तर ठीक. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तिथे रंग-तेल लावण्यात अर्थ नाही, सुतार बोलवा आणि तेवढा तुकडा बदलून घ्या.

दाराची खालची कड तर बिजागऱ्या काढून दार आडवं केल्याशिवाय दिसतच नाही. दार उभं असताना रंगारी तिथे ब्रश घालू शकत नाही, म्हणून आजवर झालेल्या सगळ्या रंगकामांत त्या कडेला एकदाही रंग लागलेला नसतो. आणि दररोज फरशी पुसताना पाणी लागतं ते तिथेच. एकदा दार काढून बघाच. वरून नऊ हातांचा रंग आणि खालून कोरं, करडं, भुसभुशीत लाकूड. दाराचं आयुष्य या एका कडेवर ठरतं असं मी म्हणतो. इथे तेलाचे तीन हात पाजा, बाकी दाराला दोन दिले तरी चालतील.

खांबांचंही तेच. आपल्या जुन्या घरांत लाकडी खांब जमिनीवर उभा केलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. ओल वर चढू नये आणि वाळवीला वाट मिळू नये म्हणून ही सोय. पुढे कोणीतरी सारवलेली जमीन काढून टाइल्स बसवतो, खाली काँक्रीटचा थर येतो, जमीन तीन-चार इंच वर येते आणि तळखडा पार गाडला जातो. आता खांबाचं टोक टाइल्सच्या खाली, आणि रोजच्या पोछ्याचं पाणी त्याच्या बुडाशी. खांबाभोवतीची टाइल कापून इंच-दीड इंच मोकळी जागा सोडायला सांगा. गवंडी कुरकुर करेल, 'बरं दिसणार नाही' म्हणेल. करू दे कुरकुर. त्या जागेत दर महिन्याला एकदा बॅटरी मारून बघा. मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर ती वाळवी.

आता जुना रंग. इथे जरा थांबा, कारण हा भाग लोक फार सहज घेतात. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असलेला रंग विकायला बंदी झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिशाची संयुगं सर्रास असत. कोकणातल्या खिडक्यांचा तो ओळखीचा हिरवा रंग आठवा. आजोबांच्या वेळचा हिरवा थर जर मशीनने कोरडा घासला, तर ती धूळ घरभर होते, अंथरुणात जाते, रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागून तोंडात जाते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. म्हणून असा रंग काढताना दार अंगणात न्या, खाली प्लास्टिक अंथरा, रंगावर पाणी फवारून तो ओला ठेवून खरवडा, तोंडाला एन-९५ मास्क लावा आणि मुलांना व गरोदर बाईला त्या दिवशी शेजारी पाठवा. खरवडलेला चुरा प्लास्टिकसकट बांधून टाका, माडाच्या आळ्यात ओतू नका. ब्लोलॅम्पने रंग जाळून काढणारे कारागीर भेटतात. त्यांना नको म्हणा. त्याने शिशाचा धूर होतो आणि लाकूड होरपळतं ते वेगळंच. कॉस्टिक सोडा लावून रंग झटपट निघतो खरा, पण साग काळाठिक्कर पडतो आणि त्याचे तंतू उभे राहतात.

रंग अजून घट्ट धरून असेल, फोड नसतील, तर तो काढायचा अट्टहासही करू नका. धुऊन, वरवर ओला काचपेपर फिरवून त्यावरच नवा हात द्या. जुन्या दाराचं लाकूड उघडं केलंच पाहिजे असा एक नवा शौक आलाय, त्यात अनेकदा आतून आंब्याची फळी निघते आणि मालकाचा चेहरा पडतो.

लाकूड कोणतं आहे हे ओळखून पुढे जायचं. सागाच्या गाभ्यात निसर्गतःच तेलं असतात आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून तो बाहेर टिकतो. पण त्याच सागाच्या सालीलगतचा पांढरट भाग कच्चा, त्याला भुंगा लागतो. खांबाच्या एकाच कडेला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसतो तो यामुळे. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळं, जुनं होत जाईल तसं तांबूस तपकिरी. तेही उत्तम. आंब्याचं लाकूड बाहेर उघड्यावर टिकत नाही, त्याला रंगच बरा. ऊन-पावसाने करडा पडलेला साग बघून तो सडला असं समजू नका. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं, तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर करडे तंतू राहतात. हा थर कागदाइतका पातळ असतो. ८० नंबरच्या काचपेपरने दोन-चार हात मारले की खालून सोनेरी साग निघतो. नंतर १२० नंबर, आणि तिथेच थांबा. बाहेरचं लाकूड आरशासारखं गुळगुळीत केलं तर तेल आत शिरत नाही. पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा. आडवा चालवलात तर ओरखडे कोरडेपणी दिसत नाहीत, तेल लागल्यावर मात्र ठळक होतात.

तारेचा ब्रश आणि लोखंडी जाळी अजिबात नको. त्यांचे बारीक कण लाकडात अडकतात, गंजतात, आणि पुढच्या पावसात दारभर काळे ठिपके उठतात. खिळ्याभोवती किंवा कडीच्या खाली असे काळे डाग आधीच असतील, तर केमिकलच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिड मिळतं. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा, रबरी हातमोजे घाला, ब्रशने पूर्ण फळीला लावा. नुसत्या डागाला लावलं तर तेवढाच चट्टा उजळ दिसतो. वीसेक मिनिटांत काळा डाग विरत जाताना डोळ्यांना दिसतो. नंतर भरपूर पाण्याने तीनदा धुवा आणि पूर्ण सुकू द्या. मध्येच काचपेपर मारू नका, ती धूळ नाकाला झोंबते. हे विष आहे आणि दिसायला साखरेसारखं आहे, तेव्हा उरलेलं ॲसिड डब्यावर नाव लिहून उंच फळीवर ठेवा, बरणीत नको. आणि गंजका खिळा तसाच राहिला तर डाग परत येणार, म्हणून जमेल तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घाला. समुद्रापासून जवळ असाल तर याला पर्यायच नाही.

धुऊन, घासून झालं की निदान चार-पाच दिवस कोरड्या हवेत सावलीत सुकू द्या. मगच तेल.

तेल कोणतं, यावर घरोघरी मतं असतात. खोबरेल, शेंगदाण्याचं, तिळाचं तेल चोळणारे पुष्कळ आहेत. ही तेलं कधी पुरती सुकत नाहीत. दोन दिवस लाकूड चकाकतं, मग त्यावर धूळ बसते, वास यायला लागतो आणि पुढे कुठलंच पॉलिश त्यावर धरत नाही. लाकडाला सुकणारं तेल लागतं, म्हणजे जवसाचं. रंगाच्या दुकानात 'बेलतेल' मागा, जवसाचं उकळवलेलं तेल मिळेल. किराणावाल्याकडचं कच्चं जवस तेल कित्येक आठवडे चिकट राहतं. पहिल्या हाताला बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. पातळ असल्याने खोल जातं. फडक्याने किंवा ब्रशने सढळ लावा, लाकूड पीत राहील तोवर लावत राहा, आणि अर्ध्या तासाने वर जे उरलं असेल ते कोरड्या फडक्याने पुसून काढा. हे पुसणं लोक टाळतात, 'राहू दे, जास्त तेल चांगलं' म्हणतात, आणि मग दार महिनाभर चिकट राहिलं म्हणून तक्रार करतात. दुसरा हात दोन दिवसांनी, टर्पेंटाइन कमी करून. तिसरा नुसत्या तेलाचा. तहानलेल्या जुन्या लाकडावर एक लिटर तेल पहिल्या हाताला साधारण ८० ते १०० चौरस फूट पुरतं. उन्हात असलेल्या बाजूला तेलात चिमूट-दोन चिमटी गेरू किंवा पिवडी घोटून घाला. नुसतं पारदर्शक तेल किंवा वॉर्निश उन्हाला अडवत नाही, रंगद्रव्याचे कण अडवतात.

आणि तेलाची फडकी. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं, त्यात उष्णता तयार होते, बोळ्यात ती कोंडते आणि काही तासांत काडी न लावता आग लागते. लाकडी घर, माळ्यावर गवत, शेजारी टर्पेंटाइनचा डबा. काम संपलं की फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा एकेक उलगडून अंगणात दगडाखाली पसरून कडक होईपर्यंत सुकवा.

तेल सगळीकडे चालतं असंही नाही. ज्या लाकडावर पावसाचा थेट मारा होतो, तिथे तेलावर बुरशी येऊन वर्षभरात काळे ठिपके दिसतात. बुरशीला जवस आवडतं. तिथे बाहेरच्या लाकडासाठीचा रंगद्रव्य आणि बुरशीनाशक घातलेला वूड स्टेन घ्या. तो थर न धरता लाकडात मुरणारा असावा, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. पीयू आणि मेलामाइनची पॉलिशं घरातल्या फर्निचरसाठी ठेवा. पारदर्शक थर उन्हात काही वर्षांत पोपडे धरतो, आणि पोपडे धरलेलं पीयू काढण्याइतकं वैतागवाणं काम दुसरं नाही. ओटीवरच्या झोपाळ्याला मात्र लाखेचं पॉलिश शोभतं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे. त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, ते ओलाव्याचं असतं. स्पिरिटने जेमतेम दमट केलेलं फडकं त्यावरून हलकेच फिरवलं की जातं. झोपाळ्याच्या पितळी कड्या चिंचेने घासायच्या तर काढून घासा, चिंचेचं पाणी लाकडात उतरू देऊ नका.

माडीचा सज्जा असेल, किंवा हल्ली लोणावळा-अलिबागकडच्या बंगल्यांत आणि शहरांतल्या गच्च्यांवर लाकडी डेक करतात तसा असेल, तर आणखी थोडं. या फळ्या आडव्या असल्याने पाणी वरच थांबतं, म्हणून उभ्या दारापेक्षा त्यांचे हाल जास्त. दोन फळ्यांमधली फट ही कारागिराची चूक नाही. पाणी जायला आणि फळी फुगायला ती लागतेच. ती लांबी किंवा सिलिकॉन भरून बुजवू नका. उलट तिच्यात साचलेली माती आणि पानं बांबूच्या कामटीने काढत राहा. शेवाळ आलं तर सोड्याचं पाणी आणि ताठ नायलॉनचा ब्रश. गाड्या धुतात तो प्रेशरचा फवारा लोक हौसेने मारतात, लाकूड क्षणात उजळतंही, पण त्या धारेने मऊ तंतू उखडतात आणि सुकल्यावर फळी कुसळासारखी टोचायला लागते. अनवाणी चालून बघा म्हणजे कळेल. सज्ज्यावर वॉर्निश नको, पावसात पाय घसरतो. कुंड्या फळ्यांवर थेट ठेवू नका, खाली विटेचे तुकडे द्या. फळ्यांची कापलेली टोकं आणि नवीन पाडलेलं प्रत्येक भोक तेल पाजल्याशिवाय बंद करू नका.

काम झालं की दरवर्षी एवढं करायचं नसतं. दिवाळीनंतर दाराच्या खालच्या भागावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल राहिले तर यंदा काही करायचं नाही. दोन-तीन मिनिटांत मुरून तिथे काळपट डाग दिसला तर धुऊन, सुकवून तेलाचा एक हात. उन्हाच्या बाजूला दरवर्षी लागेल, आतल्या बाजूला बरीच वर्षं नाही.

या सगळ्या खटाटोपापेक्षा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बऱ्या, असा विचार तुमच्या मनात येईल. तो विचार अचूक हेरून गावोगाव माणसं फिरत असतात. जुन्या खिडक्या आणि दारं घेऊन जातात, बदल्यात थोडे पैसे हातावर ठेवतात आणि तोच माल मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात चांगल्या भावाने उभा राहतो. बल्लारपूर-आलापल्लीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना नेला, इतका त्याला मान. तुमच्या ओटीवर बहुधा त्याहून जुन्या झाडाचं, सावकाश वाढलेलं, घट्ट रेषांचं लाकूड आहे, आणि तसं आता वखारीत मागून मिळत नाही. विकायचंच असेल तर विका, पण आधी एका कोपऱ्यातला रंग खरवडून, खाली काय आहे ते बघून मग भाव बोला.

शेवटची गोष्ट कुलपाची. वर्षातले अकरा महिने बंद असलेल्या घरात लाकडाचं नुकसान पावसाने होतं त्याहून जास्त कोंडलेल्या हवेने होतं. बाहेर ऊन पडलेलं असतं, आत सप्टेंबरची ओल तशीच. शेजारच्या काकूंना किंवा राखणीला असलेल्या माणसाला किल्ली द्या आणि पाऊस संपल्यापासून आठवड्यातून दोनदा, सकाळी दहा ते दुपारी चार, समोरासमोरच्या खिडक्या उघडायला सांगा. पावसाळ्यात उघडायच्या तर फक्त कडक उघडीप असेल तेव्हा, नाहीतर दमट हवा आत घेतल्यासारखं होतं. मांडणी, पलंग, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा. उरलेलं बेलतेल अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवू नका, त्यावर साय धरते. लहान बाटलीत तोंडापर्यंत भरा, वर तारीख लिहा आणि बाटली काकूंना दाखवून ठेवा.